ग्रहीय तेजोमेघ: ग्रह नाहीत, मग नावात कुठून आले?

ग्रहीय तेजोमेघ म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने सोडून दिलेलं वायूचं कवच, ग्रहांशी त्याचा काडीचाही संबंध नाही, तरी १७८०च्या दशकात विल्यम हर्शेलनी दिलेलं हे नाव आजपर्यंत काही सुटलेलं नाही. पण त्यांना दोष नाही देता येत, १७८१ मध्ये त्यांनीच युरेनस शोधला होता आणि दुर्बिणीत हे मेघही तसेच दिसायचे, छोटी फिकट चकती. आजही छोट्या दुर्बिणीतून एम ५७ हा कड्यासारखा ग्रहीय तेजोमेघ बघा, फोटोतले रंग विसरा, धुराचं बारीकसं वेटोळं दिसतं, बस.

खरी उलथापालथ झाली २९ ऑगस्ट १८६४ ला. विल्यम हगिन्सनी कालेय तारकासमूहातल्या कॅट्स आय मेघाकडे स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून दाखवणारं उपकरण, वळवला. तोवर बऱ्याच जणांना वाटायचं की हे लांबून एकमेकांत मिसळलेले तारेच असणार, पण ताऱ्यांसारखा रंगांचा सलग पट्टा आलाच नाही, काळोखात नुसत्या दोन-तीन चमकदार रेषा. म्हणजे हा वायू! आणि त्यातली सगळ्यात ठळक हिरवी रेषा माहितीतल्या एकाही मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे नेब्युलियम नावाचं नवंच मूलद्रव्य मानलं गेलं. हेलियमचा मागही पृथ्वीवर सापडायच्या आधी सूर्याच्या वर्णपटातच लागला होता ना, मग हेही सापडेल असं वाटणं साहजिकच.

उत्तर मिळायला १९२७ उजाडलं. आयरा बोवेननी दाखवलं की हा साधा ऑक्सिजनच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. प्रयोगशाळेत असा अणू हा हिरवा प्रकाश सोडायच्या आतच दुसऱ्या कणावर आदळतो आणि ऊर्जा तिथेच जाते, मेघात मात्र वायू इतका विरळ की त्याला निवांत वेळ मिळतो. मला या इतिहासात हाच भाग सगळ्यात आवडतो, कोडं नव्या पदार्थाचं नव्हतंच, पोकळीचं होतं.

१९५६ मध्ये सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ श्क्लोव्स्कींनी साखळी जोडली: तांबडा राक्षसी तारा, म्हणजे म्हातारपणी फुगलेला तारा, कवच सोडतो, उघडा पडलेला तापलेला गाभा त्या कवचाला उजळवतो आणि मग श्वेत बटू, म्हणजे हळूहळू निवत जाणारा छोटा दाट तारा, होतो. सूर्याचंही साधारण ५ अब्ज वर्षांनी हेच होणार, निम्म्याच्या आसपास वस्तुमान पृथ्वीएवढ्या गोळ्यात उरेल. त्याचा मेघ दिसण्याइतका उजळेल का यावर बरीच वर्षं शंका होती, २०१८ च्या गणितांनी सांगितलं की उजळेल, पण अंधुकच.