अॅनोल सरडे

अॅनोल हा अमेरिकेतील लहान, दिवसा वावरणाऱ्या सरड्यांचा गट. प्रजाती अॅनोलिस. तिच्यात 400 हून अधिक जाती मोडतात. संयुक्त संस्थानांचा आग्नेय भाग, कॅरिबियन बेटे, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण प्रदेश हे त्यांचे घर. भारतात ते निसर्गतः आढळत नाहीत. तरी शेताच्या धुऱ्यावर सरडे पाहत मोठ्या झालेल्या वैदर्भीय माणसाला अॅनोल चटकन ओळखीचा वाटेल. हे साम्य नात्यामुळे आलेले नाही, आणि अॅनोलच्या अभ्यासातली खरी गोम तीच आहे.

पावसाळा तोंडावर आला की कुंपणाच्या खांबावर बसलेल्या नर सरड्याचे डोके व खांदे लालभडक होतात आणि तो पुढच्या पायांवर अंग वर-खाली करू लागतो. अॅनोलचा नरही असेच करतो. शिवाय गळ्याखालची कूर्चेची काडी पुढे ताणून रंगीत कातडीचा पंखा उघडतो. असा पंखा आपल्याकडच्या पडीक माळरानावरील सिताना सरड्यालाही असतो, पण दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे निर्माण झाला. आपला सरडा व सिताना अॅगॅमिडी कुलातले. त्यांचे बहुतेक दात जबड्याच्या काठावरच जोडलेले असतात, तर अॅनोलचे जबड्याच्या आतल्या बाजूला. अॅनोलची शेपटी तुटून पुन्हा वाढते, आपल्या सरड्याची वाढत नाही. सरड्याची मादी ओल्या मातीत खड्डा करून एका वेळी अनेक अंडी घालते व वरून माती दाबून बसवते. अॅनोलची मादी एका वेळी एकच अंडे घालते, पण हंगामभर घालत राहते. अॅनोलच्या बोटांखाली सूक्ष्म केसांच्या पट्ट्यांची गादी असते, त्यामुळे तो काचेवरही चढतो. तशीच गादी घरातल्या पालीलाही आहे, आणि पाल या दोघांपैकी कोणाचीही जवळची नातलग नाही.

फ्रेंच निसर्गअभ्यासक दोदँ यांनी अॅनोलिस ही प्रजाती 1802 मध्ये मांडली. आपल्या बागेतल्या सरड्याच्या जातीचे, म्हणजे कॅलोटीस व्हर्सिकलरचे, पहिले शास्त्रीय वर्णनही त्यांचेच आणि त्याच वर्षीचे. पुढे 1959 मध्ये एथरिज यांनी शेपटीच्या मणक्यांच्या रचनेवरून अॅनोलचे दोन मोठे विभाग केले. पूर्वी हा गट इग्वानांच्या मोठ्या कुलात धरत. आता अनेक वर्गीकरणांत त्याला डॅक्टिलॉइडी हे स्वतंत्र कुल देतात. 2012 मध्ये निकोल्सन व सहकाऱ्यांनी अॅनोलिसची आठ प्रजातींत विभागणी सुचवली, पण बरेच संशोधक अजूनही एकच नाव वापरतात. नावांचा हा वाद दुय्यम वाटतो; वंशवृक्ष नीट उलगडणे जास्त महत्त्वाचे.

तो उलगडला आणि मोठे नवल हाती लागले. क्युबा, हिस्पानिओला, जमैका व प्वेर्तो रिको या चार बेटांवर एकाच झाडाची अॅनोलांनी वाटणी करून घेतलेली दिसते. बुंध्याच्या तळाशी लांब पायांचा, वेगाने धावणारा, बारीक फांदीवर आखूड पायांचा, सावकाश सरकणारा, शेंड्यावर धिप्पाड, गवतात सडपातळ, लांब शेपटीचा. अर्नेस्ट विल्यम्स यांनी 1972 मध्ये अशा ठेवणींना ‘इकोमॉर्फ’ हे नाव दिले. असे एकूण सहा प्रकार मानतात. सहाही क्युबा व हिस्पानिओलातच आहेत. 1998 मध्ये लोसॉस व सहकाऱ्यांनी डीएनएवरून दाखवले, की जमैकाचा फांदीवरचा अॅनोल क्युबातल्या आपल्यासारख्याच अॅनोलपेक्षा जमैकाच्याच शेंड्यावरच्या धिप्पाड अॅनोलच्या अधिक जवळचा आहे. म्हणजे त्याच ठेवणी बेटोबेटी नव्याने घडल्या. आपल्याकडे धुऱ्यावरच्या बाभळीवर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बहुधा एकाच जातीचा सरडा दिसतो. मुख्य भूमीवर प्रतिस्पर्धी आणि भक्षक दोन्ही जास्त; बेटांवर मात्र कितीतरी जागा मोकळ्या होत्या. फरकाचे मोठे कारण हेच असावे. डॉमिनिकन अंबरमध्ये, म्हणजे हिस्पानिओलातील झाडांच्या दगड बनलेल्या राळेत, अडकलेल्या सुमारे 1.5 ते 2 कोटी वर्षांपूर्वीच्या अॅनोलांतही यांतले काही प्रकार ओळखू येतात.

ही उत्क्रांती थांबलेली नाही. फ्लोरिडातील छोट्या बेटांवर क्युबाचा तपकिरी अॅनोल शिरला, तसा तिथला हिरवा अॅनोल झाडावर वर सरकला आणि अवघ्या 15 वर्षांत त्याच्या बोटांची गादी रुंदावली. 2017 मध्ये इर्मा व मारिया ही चक्रीवादळे टर्क्स आणि केकोस बेटांवरून गेली. वादळांतून तगलेल्या अॅनोलांच्या गाद्या आधीच्यांपेक्षा मोठ्या व पुढचे पाय लांब भरले. संशोधकांनी काठीवरच्या सरड्यांवर पालापाचोळा उडवायच्या यंत्राचा झोत सोडल्यावर मागचे पाय सुटून हवेत फडफडत, पण पुढच्या पायांनी सरडे काठीला चिकटून राहत. दीड वर्षाने पुन्हा मोजणी केली, तेव्हा पुढच्या पिढीतही गाद्या मोठ्याच होत्या.