बोट दाखवलं तर काकडी सडते?

परळच्या चाळीत आमच्या गॅलरीच्या कठड्यावर आजीने काकडीचा वेल चढवला होता. कोवळ्या काकडीकडे बोट केलं की ती ओरडायची, "बोट मोड आधी! सडेल ती."

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. हरितगृहात रोबो खटाखट ढोबळी मिरच्या तोडतोय, खाली मजकूर: 'आता मजूर विसरा!' कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'वेग ८ पट' लिहिलं होतं, ते कुणी वाचलं नसावं.

रोबोचं घोडं अडतं ते फळ दिसण्यापाशी. टोमॅटो निदान लाल होतो. काकडी हिरव्या पानांत हिरवीच. यावर नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी काढलेली तोड मला भारी आवडते. त्यांनी कॅमेऱ्याला अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशात बघायला लावलं, तेही दोन तरंगलांबींवर: ८५० आणि ९७० नॅनोमीटर. पाण्याच्या रेणूतले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ९७० च्या आसपासचा प्रकाश शोषतात, ८५० चा फारसा नाही. पण हे शोषण इतकं दुबळं, की ते जाणवायला प्रकाशाला पाण्यातून सेंटिमीटरभर तरी वाट तुडवावी लागते. पान जेमतेम कागदाएवढं जाड, तिथे दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच परततात. काकडीत मात्र सुमारे ९५ टक्के पाणी; आत शिरून भटकून बाहेर येईतो ९७० चा प्रकाश बराच गळालेला असतो. दोन चित्रांची तीव्रता बिंदूगणिक ताडून पाहिली की पानांतून काकडी उठून दिसते. म्हणजे यंत्र रंग बघतच नाही, पाण्याची जाडी बघतं!

देठ कापायलाही साधी सुरी नव्हती. विजेच्या उष्णतेने देठ जाळून तोडायचा, म्हणजे जखम बंद होते आणि एका झाडाचा विषाणू पात्यावरून दुसऱ्याला जात नाही. रोग पसरतो तो अशा पात्याने, बोटाने नव्हे. आजीच्या कोवळ्या काकड्या पिवळ्या पडून गळायच्या, त्या बहुधा परागण न झाल्यामुळे.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एका काकडीला सरासरी ४५ सेकंद लागले, आणि ८० टक्के काकड्या हाती आल्या. पुढे ढोबळी मिरचीच्या युरोपीय रोबोने वेळ २४ सेकंदांवर आणला. पण नेहमीच्या दाट झाडांवर त्याला जेमतेम १८ टक्के मिरच्या तोडता आल्या. त्याच्या सोयीने झाडांत फेरफार केल्यावर ६१ टक्के.

२४ सेकंद आठपट वेगाने दाखवले की तीनच उरतात. ग्रुपवर हे सविस्तर लिहिलं. उत्तरादाखल एक अंगठा आला.