निम्मा वेग, आठवा हिस्सा वीज

जलतरण तलावाच्या पंपघरात वाळूच्या फिल्टरवर एक गोल प्रेशर गेज असतो. पंप नेहमीच्या वेगाने चालू असताना त्याचा काटा समजा १.२ किलोवर (चौरस सेंटीमीटरला) आहे. आता मोटरला वेग बदलणारा ड्राइव्ह बसवला आणि बटण दाबत वेग निम्म्यावर आणला, तर काटा कुठे थांबेल? बहुतेक जण ०.६ म्हणतील. प्रत्यक्षात तो ०.३च्या आसपास येतो. वीज तर त्याहून जास्त उतरते, जवळजवळ आठव्या हिश्श्यावर. पाणी मात्र निम्मे येतच राहते.

हा सेंट्रिफ्यूगल पंपाचा स्वभाव आहे. पंपातला इम्पेलर पाणी गरागरा फिरवून बाहेर फेकतो. वेग निम्मा केला की सेकंदाला निम्मे लिटर बाहेर पडते. पण प्रत्येक लिटरला मिळणारी ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणून ती पाव होते. निम्मे लिटर आणि प्रत्येकाला पाव ऊर्जा, म्हणजे एक अष्टमांश. पाणी वेगाच्या प्रमाणात, दाब वर्गाच्या प्रमाणात आणि वीज घनाच्या प्रमाणात बदलते.

सातारकरांना हा घनाचा नियम रोज डोंगरावर दिसतो. ठोसेघरच्या वरच्या अंगाला चाळकेवाडीच्या पठारावर आणि पाटणकडे वनकुसवड्याला ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांचे सगळे गणित यावरच चालते. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद आठव्या हिश्श्यावर येते. पठारावर हा नियम तोट्याचा वाटतो. पंपघरात तोच नियम फायद्याचा ठरतो, कारण तिथे वेग कमी करणे आपल्या हातात असते.

आता थोडा हिशेब करू. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.६ मीटर खोल तलावात ५ लाख लिटर पाणी मावते. हे सगळे पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचे, तर तासाला सुमारे ८३ हजार लिटर ओढावे लागते. त्यासाठी साडेसात एचपीचा पंप धरला, तर तो तासाला साडेपाच युनिटच्या घरात वीज खातो. दहा तास चालवला की ५५ युनिट. तेवढेच पाणी निम्म्या वेगाने फिरवायला वीस तास लागतील. कागदावर त्याला १४ युनिट पुरतात. प्रत्यक्षात कमी भारावर मोटरची कार्यक्षमता घसरते, ड्राइव्हही स्वतः थोडी वीज खातो. म्हणून तासाला एक युनिट धरू. तरी २० युनिटच झाले. कुठल्याही गावात तलाव चालवणाऱ्याला विचारा, लाईट बिल हाच त्याचा मोठा घोर असतो. पोरांना पोहायला शिकवणारी जागा बिलापायी बंद पडू नये असे मला मनापासून वाटते, आणि इथे तर सगळे उत्तर मोटरच्या वेगात आहे.

बऱ्याच ठिकाणी पाणी कमी हवे असले की डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करतात. त्याने पाणी कमी होते, पण मोटर पूर्ण वेगानेच फिरत राहते आणि निर्माण केलेला दाब व्हॉल्व्हच्या चिंचोळ्या फटीत वाया जातो. मीटरवर फरक पडतो तो किरकोळ.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दोन पोलची मोटर तिच्यावर मिनिटाला साधारण २९०० फेरे मारते आणि साध्या स्टार्टरने त्यात काही बदल करता येत नाही. ड्राइव्ह, म्हणजे कामगारांच्या बोलण्यातला व्हीएफडी, आधी एसीचा डीसी करतो. मग आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हव्या त्या हर्ट्झचा नवा एसी घडवतो. २५ हर्ट्झ दिले की फेरे १४५०च्या आसपास येतात. हर्ट्झबरोबर व्होल्टेजही उतरवावे लागते, नाहीतर मोटरचे लोखंड चुंबकत्वाने तृप्त होऊन वाइंडिंग तापते. हे काम ड्राइव्ह आपोआप करतो. शिवाय मोटर हळूहळू वेग घेते, त्यामुळे सुरू होताना पाच-सहा पट करंटचा झटका बसत नाही. तलावासाठी तयार मिळणाऱ्या पंपांत बहुधा कायमचुंबकाची मोटर असते. तिच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, करंट निर्माण करावा लागत नाही, म्हणून कमी वेगातही तिची कार्यक्षमता टिकते. अमेरिकेत जुलै २०२१पासून तलावाच्या पंपांना असे निकष लागू झाले, की मोठ्या फिल्टर-पंपांत एकाच वेगाची मोटर बसवणे अवघड झाले.

पण चोवीस तास निम्मा वेग चालत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत टँकवर गर्दी उसळते तेव्हा घाम, तेल, लघवीचे अंश पाण्यात येतात. क्लोरीन त्यांच्याशी जुळून क्लोरामाइन बनते आणि डोळे चुरचुरायला लागतात. त्या तासांत पाणी वेगानेच फिरले पाहिजे. बॅकवॉशला, म्हणजे फिल्टरची वाळू धुवायलाही पूर्ण वेग हवा. उलट्या प्रवाहाने वाळूचा थर उचलला गेला तरच त्यात अडकलेला मळ सुटतो. हळू पाणी वाळू न हलवता वाट काढून निघून जाते. रात्री मात्र संथ प्रवाह उत्तम, बारीक कणही वाळूत जास्त चांगले अडकतात. क्लोरीन सोडणारे यंत्र लाइनवर असेल तर किमान किती प्रवाह लागतो ते तपासून मगच रात्रीचा वेग ठरवावा.

जुनी मोटर थ्री-फेज असेल तर तिलाच ड्राइव्ह जोडता येतो. कपॅसिटरवाली सिंगल-फेज मोटर सहसा बदलावीच लागते. चार वेळा रिवाइंडिंग झालेल्या मोटरला ड्राइव्ह लावण्याआधी इन्सुलेशन मोजून घ्यावे, कारण ड्राइव्हच्या व्होल्टेजचे तीक्ष्ण ठोके कमकुवत वाइंडिंगला झेपत नाहीत. आणि ड्राइव्हची पेटी क्लोरीन-ॲसिडच्या कॅनशेजारी भिंतीवर मुळीच ठोकू नये. त्या वाफेने आतले तांब्याचे पट्टे हिरवे पडतात.

हे वाचून कुणी विहिरीवरच्या मोटरलाही ड्राइव्ह लावायला निघेल, म्हणून सांगायला हवे. तलावाचे पाणी फिल्टरमधून फिरून त्याच पातळीवर परत येते. पंपाला झगडावे लागते ते फक्त पाइप आणि वाळूच्या घर्षणाशी, आणि घर्षण वेगाबरोबर झपाट्याने उतरते. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागाकडे चढवतात, तिथली उंची मात्र वेग कमी केला म्हणून कमी होत नाही. विहिरीचेही तसेच. समजा पाणी २० मीटर उचलायचे आहे आणि पंप पूर्ण वेगात जास्तीत जास्त ३० मीटर चढवतो. वेग ८० टक्क्यांवर आणला की त्याची चढवण्याची ताकद ६४ टक्के, म्हणजे १९.२ मीटर. वर थेंबही येणार नाही, इम्पेलर आतलेच पाणी घुसळून तापवत बसेल. अशा मळ्यात पैसे घालायचे तर पाइपात घालावेत: अडीच इंची काढून तीन इंची टाकला, तर तेवढ्याच पाण्याला पाइपातले घर्षण निम्म्याहून कमी होते.