वसाहतींच्या स्वातंत्र्याविषयीचे गुप्तवार्ता अंदाज : मूल्यमापन

वसाहत स्वतंत्र होईल का, केव्हा आणि कोणत्या मार्गाने, याविषयी गुप्तचर संस्थांनी व सरकारी विश्लेषकांनी बांधलेले अंदाज, कागदपत्रे खुली झाल्यावर प्रत्यक्ष घटनांशी ताडून पाहण्याचा अभ्यास. अमेरिकी आणि ब्रिटिश दफ्तरे हा त्याचा मुख्य आधार आहे.

सीआयएचा ३ सप्टेंबर १९४८ चा ‘ओआरई २५-४८’ हा अहवाल वसाहती साम्राज्यांच्या विघटनावरच होता. आशिया-आफ्रिकेतील कच्चा माल, बाजारपेठा आणि लष्करी तळ यांवर पाश्चात्त्य सत्तांना यापुढे विसंबता येणार नाही, हे त्यात स्पष्ट म्हटले होते. दिशा अचूक ठरली. मात्र त्याला गुण देताना एक भान ठेवावे लागते : भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन तोवर स्वतंत्र झाले होते. तेवढा भाग भाकीत नव्हे, नोंद होती.

खरी चूक होते ती काळाच्या अंदाजात. जानेवारी १९५९ मध्ये चेकर्स या ब्रिटिश पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानी ब्रिटिश वसाहतमंत्री आणि पूर्व आफ्रिकेचे गव्हर्नर यांच्या चर्चेत टांगानिकासाठी (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) १९७०, तर केनिया व युगांडासाठी १९७५ च्या सुमाराचा काळ धरला गेला. प्रत्यक्षात टांगानिका १९६१, युगांडा १९६२ आणि केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाले. १९५९ मध्येच केनियातील होला छावणीत कैद्यांना झालेली मारहाण व त्यांचे मृत्यू, न्यासालँडमधील (आजचे मलावी) आणीबाणी आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर आलेले नवे वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांमुळे लंडनचेच धोरण पालटले.

पोर्तुगीज आफ्रिकेबाबत चूक याहून मोठी होती. निक्सन प्रशासनाच्या १९६९ च्या ‘एनएसएसएम ३९’ या धोरण-अभ्यासातील एका पर्यायाचे गृहीतक असे होते, की आफ्रिका खंडाच्या दक्षिण टापूतील गोरे तेथेच राहणार आणि कृष्णवर्णीयांना हिंसेच्या मार्गाने राजकीय हक्क मिळण्याची आशा नाही. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करानेच राजवट उलथली. जून १९७५ मध्ये मोझांबिक आणि नोव्हेंबरात अंगोला स्वतंत्र झाले. उठाव करणारे लष्करी अधिकारी वसाहतींतील प्रदीर्घ युद्धाला विटले होते, म्हणजे ज्यांची आशा या अभ्यासाने मोडीत काढली त्यांच्याच लढ्याने लिस्बन हलवले. दोन्ही प्रकरणांत निर्णय राजधानीत फिरला. म्हणून केवळ वसाहतीतील चळवळीचे बळ मोजून केलेले मूल्यमापन अपुरे ठरते.

शब्दांचा प्रश्न वेगळा. सीआयएतील शर्मन केंट यांना १९५१ च्या युगोस्लाव्हियाविषयक अंदाजातील ‘गंभीर शक्यता’ या शब्दांचा अर्थ सहकाऱ्यांनी २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत लावल्याचे आढळले. अशा वाक्याला बरोबर-चूक ठरवायचे कसे? ‘स्वातंत्र्य’ या शब्दाचीही व्याख्या आधी करावी लागते. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय लष्करी कारवाईने संपली आणि गोवा भारतात सामील झाला. वेगळे राष्ट्र निर्माण झाले नाही. ‘वसाहत स्वतंत्र होईल’ या भाकिताखाली गोवा मोजायचा की नाही, यावर गुण बदलतात.

उपलब्ध दफ्तरही निवडक असते. सत्तांतरापूर्वी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अनेक वसाहतींतील कागद जाळले, काही गुपचूप मायदेशी हलवले. हलवलेल्यांपैकी हजारो फायली इंग्लंडमधील हॅन्स्लोप पार्क या सरकारी ठिकाणी असल्याचे २०११ मध्ये, माऊ माऊ या ब्रिटिशविरोधी बंडाच्या काळातील छळाबद्दल केनियातील वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात लढलेल्या दाव्यामुळे, उघड झाले.