कूलरमध्ये बर्फ टाकून उपयोग होतो का?

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला, की घरातलं कुणीतरी कूलरच्या टाकीत बर्फ टाकतंच. त्यानं खरंच फरक पडतो का? हा प्रश्न बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला येत नाही. तिथे येतो लंबक. गुरुत्वत्वरण ९.८ आलंच पाहिजे; नाही आलं तर उत्तरावरून रीडिंग मागे मोजत न्यायची. आम्हीही तेच केलं. जर्नल मात्र सुरेख दिसायचं!

शोधाधारित शिक्षणात आधी प्रश्न येतो. मुलं अंदाज बांधतात आणि काय मोजायचं तेही स्वतःच ठरवतात. कूलरसाठी दोन थर्मामीटर पुरे. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला थर्मामीटर २४ अंशांच्या आसपास थांबतो. कूलरही पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो, म्हणून साध्या पाण्यावरचा कूलर याच्याखाली जाऊ शकत नाही. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तोच थर्मामीटर २९ दाखवतो. म्हणजे वाव जेमतेम तीन अंशांचा, बाकी नुसती चिकचिक.

आता बर्फ. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २४००. सातपट! तेव्हा कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या नीट भिजतात की नाही, हे आधी बघावं. पण पाणीच बर्फासारखं गार असेल, तर हवा त्या २४ च्याही खाली उतरेल का? असं एखादी मुलगी विचारते, आणि सरांनाही थर्मामीटर हातात घ्यावा लागतो.

२०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के मुलं नापास होत होती, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२. यात शोधाधारित पद्धतीखेरीज इतरही पद्धती होत्या, हे लक्षात ठेवायला हवं. शिवाय नवख्या मुलांना वाऱ्यावर सोडलं तर ती गोंधळतात, हा आक्षेपही खराच. ‘टाकीतलं पाणी तासाभरात किती उतरलं?’ एवढं तरी सरांनी विचारायलाच हवं.

लंबक फेकून देण्याची गरज नाही. झोका ३० अंशांचा घ्यायला सांगा. नेहमीच्या सूत्रानं ९.८ ऐवजी ९.५ च्या आसपास उत्तर येतं. का, ते मुलांनाच शोधू द्या.