अळंबी वनस्पती नाही

पावसाळ्यात उगवणारी अळंबी म्हणजे पानं नसलेली वनस्पती, हा समज अजूनही पक्का आहे. त्याला कारणही आहे: 18व्या शतकात सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने बुरशी-अळंबीला वनस्पतींतच बसवलं होतं. पण अळंबीत हरितद्रव्य नसतं, ती स्वतःचं अन्न बनवत नाही. कुजक्या लाकडावर, पाल्यावर वाढणारी अळंबी विकरं (अन्न पचवणारी रसायनं) सोडून अन्न शरीराबाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. अन्नाचा साठा स्टार्चचा नाही, ग्लायकोजेनचा, म्हणजे आपल्या यकृतात असतो तसा! 1969 साली जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांचे पाच मोठे गट करणाऱ्या पंचसृष्टी वर्गीकरणात कवकांना, म्हणजे बुरशी-अळंबीला, स्वतंत्र सृष्टी दिली. आणि 1993मध्ये प्रथिनांच्या तुलनेतून त्याहून विलक्षण नातं पुढे आलं: कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या, म्हणजे आपल्याच, अधिक जवळची आहेत.