‘किती दिवस?’ या प्रश्नाचं उत्तर कुठून येतं

मिरजेत कॅन्सरच्या ओपीडीबाहेर जत, आटपाडी, तासगावकडून आलेले नातेवाईक बसलेले असतात. पेशंटला बाकावर थांबवून, आवाज खाली करून ते विचारतात, “डॉक्टर, किती दिवस हाईत?” रक्ताच्या कॅन्सरमध्ये या प्रश्नाला जे टक्के सांगितले जातात, ते आले कुठून हे नातेवाइकांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१८४५ मध्ये जर्मनीत फिर्खो आणि स्कॉटलंडमध्ये बेनेट या डॉक्टरांनी ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, नोंद केली. पुढची शंभर वर्षं धड उपचारच नव्हता, तेव्हा अंदाज तरी कसला बांधणार? १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देऊन लहान मुलांतला ल्युकेमिया काही काळ मागे हटवल्याचं जाहीर केलं. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. तिथून दिवस मोजण्याला अर्थ आला.

मोजण्याची रीत १९५८ मध्ये कॅप्लान आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांनी बसवली. अडचण अशी होती की काही पेशंट मध्येच यायचे थांबतात. जिवंत आहेत की नाहीत, कळत नाही. त्यांना गणितातून काढून न टाकता, शेवटच्या भेटीपर्यंतचा त्यांचा काळ धरायचा, ही त्यांची युक्ती. पण तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे: यायचे थांबलेल्यांचं पुढे तेच झालं, जे येत राहिलेल्यांचं झालं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती १९७५ ची कांती राय यांची पद्धत. राय मूळचे जोधपूरचे, काम अमेरिकेत. सीएलएल या सावकाश वाढणाऱ्या ल्युकेमियासाठी त्यांनी पाच पायऱ्या ठरवल्या. गाठी लागतात का, पाणथरी किंवा यकृत वाढलंय का, हे हाताने चाचपायचं. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट सीबीसी या रक्ताच्या साध्या तपासणीत पाहायचे. बस्स. तालुक्याच्या गावीही जमेल असं. त्यांच्या १२५ पेशंटांत पहिल्या पायरीवरचे निम्मे साडेबारा वर्षांहून जास्त जगले, तर शेवटच्या दोन पायऱ्यांवरचे निम्मे १९ महिन्यांतच गेले.

१९८४ मध्ये सीएमएल या ल्युकेमियाच्या आणखी एका प्रकारासाठी धोका मोजणारा सोकाल स्कोअर आला. १९९३ मध्ये वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमासाठी, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी, पाच मुद्द्यांचा तसाच निर्देशांक आला. त्यात सर्वांत कमी धोक्याच्या गटातले ७३ टक्के, तर सर्वांत जास्त धोक्याच्या गटातले २६ टक्के पाच वर्षं जगत होते. पण २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या सीएमएलवरच्या गोळीला मान्यता मिळाली आणि सीएमएलचे जुने आकडे जुनेच ठरले. आज या गोळीला चांगला प्रतिसाद देणाऱ्या पेशंटचं आयुष्य इतरांच्या जवळपास जातं. म्हणून टक्के ऐकले की ते कोणत्या साली, कोणत्या औषधावर असलेल्या पेशंटांचे, हे विचारावं.

आणि ते कॅप्लान-मायरचं गृहीत. आपल्याकडे केमो मध्येच सुटते ती उसाचं बिल अडकल्यामुळे, सोबत यायला माणूस नसल्यामुळे, पहिल्या दोन सायकलनंतर बरं वाटल्यामुळे. अशा पेशंटचं पुढे तेच होत नाही, जे येत राहिलेल्यांचं होतं. कोणत्याही स्कोअरमध्ये एसटीच्या तिकिटाला गुण नाहीत. एखाद्या मुलीचा ल्युकेमिया बरा होण्याजोगा असतो आणि तिचं कार्ड तिसऱ्या महिन्यानंतर कोरं राहतं.